जुन्या वाड्यात ग्रुप शो करायचाय? आधी भिंती बघा, चित्रं नंतर

प्रश्न असा आलाय: "आम्ही ठाणे, कळवा, ऐरोली, बेलापूर आणि तिकडे डहाणू-मोखाड्याकडचे मिळून बारा कलाकार आहोत. जुन्या ठाण्यात एक दुमजली कौलारू वाडा दहा दिवसांसाठी मिळतोय, मालक तयार आहेत. नेहमीच्या गॅलरीपेक्षा तिथेच ग्रुप शो करावा असं सगळ्यांना वाटतंय. भिंतीवर खिळे मारले तर चालेल का, किती कामं लावावीत, वारली आणि बोहाड्याच्या (मोखाड्याकडचा सोंगं नाचवायचा उत्सव) मुखवट्यांना कुठे जागा द्यावी, आणि जुलैमध्ये तारीख धरली तर?"

शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे. नको. मी बरीच वर्षं डिस्प्लेचं काम करतोय, गॅलरीत पण आणि गॅलरी नसलेल्या जागांमध्ये पण, आणि खाडीकाठच्या गावात जुलैमध्ये कौलाखाली कागदावरची कामं लावणं हा शुद्ध वेडेपणा आहे. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या खाली क्वचितच उतरते, आणि बुरशी साधारण पासष्ट-सत्तरच्या वर गेलं की धरायला लागते. दहा दिवस म्हणजे काही फार नाही असं वाटतं पण वॉटरकलरच्या कागदाला लाटा पडायला दोन दिवस पुरतात, कॅनव्हास सैल पडतो, एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीची, फ्रेम कोपऱ्यात फुगते. कोणी सांगेल डिह्युमिडिफायर लावा, म्हणजे हवेतली ओल खेचणारं मशीन. वाड्याला मधे उघडा चौक, वर कौलं, खिडक्यांना फटी, तिथे ते मशीन लावणं म्हणजे अख्ख्या ठाण्याची हवा कोरडी करायला बसण्यासारखं आहे. एसी तर अजून वाईट, दिवसा चालू रात्री बंद, त्या चढउताराने कागद जास्त हलतो. डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य, हीच तारीख धरा. त्याच्या आधी नवरात्रात टेंभी नाक्याच्या बाजूला तुमचा टेम्पोच शिरणार नाही, आणि दिवाळी पहाटेला राम मारुती रोड आणि तलावपाळीला जी गर्दी असते ती चित्रं बघायला आलेली नसते.

आता मालक तयार आहेत म्हणालात. कुठले मालक? जुन्या वाड्याच्या प्रॉपर्टी कार्डवर एक नाव सहसा नसतंच, पाच-सहा वारस असतात, त्यातला एक पुण्यात, एक अमेरिकेत, आणि ज्याला कोणी विचारलं नाही तो बरोबर उद्घाटनाच्या दिवशी उगवतो. कार्डाची कॉपी मागा, त्यावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची संमती एका साध्या पत्रावर घ्या, भाडं नाममात्र असलं तरी. दुसरं, ठाणे महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते ती बघा. त्यात चार वर्ग असतात. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं राहताना दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. पहिल्या दोनात वाडा असेल तर विषय तिथेच संपला, कितीही सुंदर तुळया असल्या तरी. सी-२बी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन जा आणि त्याने लेखी दिलं तरच पुढे. शिवाय इमारत हेरिटेज यादीत आहे का, असल्यास कुठल्या श्रेणीत, हे पालिकेत विचारून ठेवा, कारण श्रेणी असली की भिंतीला, दर्शनी भागाला हात लावण्यावर बंधनं येतात. तुम्ही हात लावणारच नाही आहात हे मी पुढे सांगतोच, पण बाहेर वीस फुटी फ्लेक्स ठोकायला तुमच्यातलाच कोणीतरी निघेल म्हणून आधी विचारलेलं बरं. संरक्षित स्मारक असेल तर खेळच वेगळा, केंद्राचं असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षण आणि राज्याचं असेल तर राज्याचं पुरातत्त्व संचालनालय यांच्या परवानगीशिवाय तिथे टेबलसुद्धा मांडता येणार नाही. खाजगी वाड्याला ते सहसा लागत नाही.

खिळे. नाही मारायचे. एकही नाही. आणि यात मी मालकाची काळजी करतोय असं समजू नका, तुमच्या चित्राचीच करतोय. चुन्याचा गिलावा हा विटेला किंवा मातीच्या भिंतीला सिमेंटसारखा घट्ट धरून नसतो, वयानुसार आतून सुटलेला असतो, वरून मात्र छान दिसतो. बोटाच्या पेराने ठोकून बघा, पोकळ आवाज आला म्हणजे सुटलाय. तिथे खिळा मारलात की परातीएवढा पोपडा हातात येतो, आणि नाही आला तर जास्त वाईट, कारण मग तो रात्री अडीच वाजता चित्रासकट खाली येतो. ड्रिल तर त्याहून बेकार, चुना भुसभुशीत असतो, प्लग धरतच नाही.

त्याच भिंतींचं दुसरं दुखणं म्हणजे ओल. खालून साधारण कमरेपर्यंत, तीन-साडेतीन फुटांपर्यंत जमिनीतलं पाणी भिंत वर ओढते, ते पृष्ठभागावरून सुकतं आणि सोबत आणलेले क्षार तिथेच सोडतं. तोच लोणा. क्षारांचे स्फटिक वाढले की गिलावा आतून ढकलला जातो. चुना श्वास घेतो म्हणून शंभर वर्षं हे निभावलं जातं, पण मधे कोणीतरी हौसेने खालचे चार फूट सिमेंटने लिंपून वर प्लास्टिक पेंट मारलेला असतो, मग पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, ते अजून वर चढतं आणि सिमेंटच्या पट्टीच्या वर, म्हणजे नेमकं चित्र लावायच्या उंचीवर, फोड येतात. तुमच्या वाड्यात अशी पट्टी आहे का बघा, बहुतेक असणारच. आणि कृपा करून शोसाठी म्हणून भिंती रंगवून घेऊ नका. मालक स्वतःहून म्हणेल, पांढरं करून देतो, त्याला वाटतं तो मदत करतोय. त्याला थांबवा.

मग लावायचं कशावर, तर स्वतंत्र पॅनलवर. आठ बाय चार फुटांचं बारा एमएमचं प्लाय, मागे लाकडी चौकट, पायाला रुंद बेस आणि बेसवर वाळूच्या पिशव्या. एक पॅनल चौकटीसकट तीस किलोच्या आसपास जातं, दोन माणसं आरामात हलवतात. भिंतीपासून निदान सहा इंच लांब उभं करायचं, हवा खेळती राहते आणि ओल चित्राच्या पाठीला लागत नाही. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा म्हणजे फ्रेम पॅनललाही चिकटून बसत नाही. पॅनल गॅलरीसारखं झगझगीत पांढरं करू नका, चुन्याच्या जुन्या भिंतीसमोर ते डेंटिस्टच्या दवाखान्यासारखं दिसतं, किंचित पिवळट राखाडी घ्या आणि मॅट. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण अठ्ठावन्न इंचावर ठेवा, पण वाड्याची जमीन सपाट असेल या भरवशावर राहू नका, प्रत्येक खोलीत लेव्हल बॉटल लावून बघा आणि एका खोलीतली सगळी कामं एकमेकांशी जुळवा, फरशीशी नाही. भिंतीत जुन्या लाकडी खुंट्या असतील तर त्यावर हलकी कामं लावायचा मोह होतो. खुंटी हाताने हलवून बघा, हलत नसेल तर दोन-तीन किलोपर्यंत ठीक. तुळईला तंगूस बांधून चित्रं हवेत लटकवायची आयडिया मात्र कोणीतरी काढणारच, दिसतं छान, पण वाड्यात वारा असतो, चित्रं गिरक्या घेतात. आणि वाशांना तर काहीच बांधायचं नाही, वाळवीने आतून पोखरलेला वासा बाहेरून धडधाकट दिसतो.

माळ्यावरच्या खोल्यांबद्दल वेगळं सांगतो, कारण ग्रुप शोमध्ये सगळ्यात जास्त लोक याच बाबतीत बेफिकीर असतात. आज घर बांधताना मजल्याच्या जमिनीवर दर चौरस मीटरला दोनशे किलो भार धरतात, आणि जिथे लोक उभ्याने जमणार अशा हॉलला पाचशे. तुमचा वाडा तर हे नियम जन्मायच्या आधीचा. दहा बाय बाराची खोली म्हणजे अकरा चौरस मीटर, त्यात उद्घाटनाला तीस माणसं कोंबली की दोन टन झाले, आणि ती माणसं विखरून उभी राहत नाहीत, ज्याचं चित्र आहे त्याच्या भोवती एका कोपऱ्यात घोळका करतात. त्यामुळे वर एका वेळी दहा जण, जिन्याशी एक माणूस उभा करायचा, तो काकाच असावा, ज्याला लोक ऐकतात असा. बेलापूरच्या शिल्पकाराचं दगडाचं काम असेल तर ते वर नेण्याचा विचारही नको. दोन फूट उंच, फूटभर रुंद काळ्या दगडाचा ठोकळा दीडशे किलोच्या वर जातो. ते चौकात, आणि चौकात शहाबादी असेल तर खाली जाड फळी टाकून.

आता किती कामं. इथेच खरी गंमत आहे आणि भांडणं पण इथेच होतात.

बारा कलाकार म्हटलं की पहिल्याच मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, प्रत्येकी पाच, साठ कामं, समान वर्गणी समान भिंत. ऐकायला न्याय्य वाटतं. पण बघा, समजा चौदा पॅनल भिंतीपासून चांगली लांब, खोल्यांच्या मधे बसली आणि दोन्ही बाजू वापरल्या तर एकशे बारा फूट लांबी मिळते. एक काम सरासरी तीन फुटांचं धरा आणि दोन कामांमध्ये निदान दोन फूट मोकळे सोडा, म्हणजे एका कामाला पाच फूट, झाली बावीस कामं. बावीस! साठ नाही. साठ लावलीत तर ते प्रदर्शन राहत नाही, फ्रेमवाल्याचं दुकान होतं, आणि त्यातही वाडा दिसेनासा होतो, मग वाड्यात करायचं कशाला.

म्हणून माझं म्हणणं असं की कामं ठरवण्याच्या आधी बाराच्या बारा जणांनी एकदा वाड्यात जाऊन यायचं, सकाळी आणि पुन्हा दुपारी चारला, कारण ऊन कुठल्या खिडकीतून कुठपर्यंत येतं ते तेव्हाच कळतं. ओटी, माजघर, देवघर, माळा, चौक, प्रत्येक जागेचा स्वभाव वेगळा आहे. माजघरात अंधार असतो, तिथे कागदावरची नाजूक कामं सुखाने राहतात. ओटीवर रस्त्याचा धूर आणि धूळ, तिथे काच असलेलं किंवा मग धुता येईल असंच काहीतरी. कोनाडे आणि देवळ्यांमध्ये छोटी टेराकोटा, धातूची कामं, एचिंगची, म्हणजे धातूवर कोरून छापायच्या चित्राची, एखादी प्लेट. जो मोठ्या कॅनव्हासवाला आहे त्याने आधी दरवाजा मोजावा. वाड्याचे दरवाजे बुटके असतात आणि जिना त्याहून अरुंद, सहा बाय पाचचा कॅनव्हास वर चढतच नाही, आणि हे सगळ्यांना छोटा हत्ती टेम्पो दारात उभा असताना कळतं. मग प्रत्येकाने आठ-दहा कामांचे फोटो मापांसकट द्यायचे आणि त्यातली कुठली कुठे हे एका माणसाने ठरवायचं, जो त्या बारातला नाही. एखादे निवृत्त ड्रॉइंग टीचर असतील, एखादी आर्किटेक्ट मैत्रीण असेल, कोणीही, पण त्याचं स्वतःचं चित्र शोमध्ये नको. ग्राफ पेपरवर वाड्याचा नकाशा काढा, त्याच मापात कामांचे तुकडे कापा आणि त्यावर हलवत बसा, एक संध्याकाळ जाते पण प्रत्यक्ष हँगिंगचे दोन दिवस वाचतात. वर्गणी समान ठेवा, लेबलचा आकार समान ठेवा, कॅटलॉगमध्ये प्रत्येकाला एक पान ठेवा. भिंत समान ठेवू नका. कोणाचं एकच काम लागेल पण ते देवघरासमोर एकटं, आणि कोणाची लहान लहान पाच, हे आधीच बोलून घ्या. चिठ्ठ्या टाकून खोल्या वाटणं हा प्रकार मी पाहिलाय, त्यात चारकोलवाल्याला ओटी मिळते आणि अ‍ॅक्रिलिकवाल्याला माजघर, दोघं पण रुसलेले.

वारली आणि मुखवट्यांबद्दल जरा थांबून बोलतो कारण तुमच्या प्रश्नाची भाषाच मला खटकली. "कुठे जागा द्यावी" असं तुम्ही फक्त त्यांच्याबद्दल विचारलंत, ऐरोलीच्या ऑइलवाल्याबद्दल नाही. नेहमी असंच होतं, शहरातल्यांची चित्रं आत खोल्यांमध्ये आणि वारली बाहेर चौकात, तोरणाच्या जोडीला, वर पुन्हा त्या माणसाला सांगायचं की तुम्ही इथे बसून लाइव्ह काढून दाखवा, आणि आपण चहा पीत बघणार. तो पण तुमच्यासारखाच सहभागी कलाकार आहे ना? मग डेमो द्यायचाच असेल तर एचिंगवाल्याने पण द्यावा, पोर्ट्रेटवाल्याने पण, प्रत्येकाला एकेक संध्याकाळ. पूर्वी डहाणू, जव्हार, मोखाडा हे सगळं ठाणे जिल्ह्यातच होतं, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. पद्मश्री मिळालेले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे डहाणूच्या बाजूचेच, २०१८ ला गेले. त्यांनी लग्नात भिंतीवर काढायच्या चौकापुरती असलेली, बायकांच्या हातची ही कला रोज काढायला घेतली आणि ती जगभर पोचली. ज्या जिल्ह्याने हे दिलं त्या जिल्ह्याच्या जुन्या मुख्य गावात तुम्ही शो करताय, मग ते काम देवघराच्या खोलीत का नको?

लेबलवर त्याचं नाव, गाव, माध्यम, वर्ष, बाकीच्यांसारखंच. "वारली कला, पालघर" एवढंच लिहून नाव गाळायचं ही सवय सोडा. आणि तुमच्यातला कोणी शहरातला माणूस वारलीसारख्या आकृत्या काढत असेल तर त्याने आपल्या लेबलवर वारली असं लिहू नये, त्या नावाला २०१४ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी शेजारी खरा वारली बसलेला असताना ते बरं दिसत नाही.

तांत्रिक बाजू पण आहे. गेरू किंवा शेणाने सारवलेलं कापड आणि त्यावर तांदळाच्या पिठाचा रंग असेल तर ते कसर आणि झुरळांचं जेवण आहे, जुन्या वाड्यात दोन्ही भरपूर. असं काम काचेमागे, मधे माउंटच्या पुठ्ठ्याचं अंतर सोडून. आणि कोणीतरी नक्की सुचवेल की वाड्याच्या भिंतीवरच वारली काढून घेऊ, केवढं ऑथेंटिक. भिंत मालकाची, चुना शंभर वर्षांचा, आणि दहा दिवसांनी ते पुसायचं कोणी? हवं असेल तर एका पॅनलवर माती-शेणाचा लेप देऊन त्यावर काढा, शो संपल्यावर तो पॅनल कलाकाराचा, विकता पण येतो.

बोहाड्याचे मुखवटे आणताना कलाकाराला आधी विचारा की यातले नाचवायचे कुठले आणि दाखवण्यासाठी केलेले कुठले. नाचवायच्या मुखवट्याला घराण्याचा मान असतो, पूजा असते, तो आपण उचलून स्टँडवर ठेवायचा नसतो, त्याने सांगितलं तरच आणि त्याने सांगितलं तसाच. बाकीचे मुखवटे कागदाच्या लगद्याचे, आतून पोकळ, वजनाला हलके पण ओल अजिबात न सोसणारे, तेव्हा माळ्यावर, खिडकीपासून लांब. डोळ्यांच्या उंचीपेक्षा किंचित वर लावा आणि लाइट बाजूने टाका, समोरून टाकलात तर चेहरा सपाट होतो. मला विचाराल तर तुमच्या शोमधली सगळ्यात जोरदार खोली हीच होईल.

लाइटचं गणित सोपं आहे. छत्तीस हॅलोजन पन्नास वॅटचे लावलेत तर अठराशे वॅट, जुन्या वायरिंगवर आणि सुक्या लाकडाच्या खाली, असलं काही करायचंच नाही. तेच दहा वॅटचे एलईडी स्पॉट घेतले तर तीनशे साठ वॅट. वायरमनला सांगून मीटरपासून वेगळी लाइन, तीस मिलिअ‍ॅम्पचं आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), आणि सगळी वायर पॅनलच्या पाठीने, भिंतीत कुठेही खाचा नाही. सीआरआय, म्हणजे रंग खरे दिसण्याचा आकडा, नव्वदच्या वरचे दिवे मागा, स्वस्तातल्यात लाल रंग मेल्यासारखा दिसतो. दिवा उभ्या रेषेपासून तीस अंशात, म्हणजे काचेवर तुमचंच डोकं दिसत नाही. वॉटरकलर, जुने कागद, कापड यांना पन्नास लक्स (उजेडाचं माप) पुरे, ऑइलला दोनशेपर्यंत चालतं. मोबाइलच्या अ‍ॅपवर अंदाज येतो. दुपारच्या उन्हात बाहेर लाखभर लक्स असतो, त्यातली एक तिरीप खिडकीतून चित्रावर आली की तुमचे सगळे स्पॉट फुकट, म्हणून पश्चिमेच्या खिडक्यांना मांजरपाटाचे पडदे. महाग ब्लाइंड नकोत, मांजरपाटातून जो उजेड येतो तो वाड्याला शोभतो.

विजेच्या आगीसाठी प्रत्येक मजल्यावर निदान एक कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर, पावडरवाला चित्रांवर उडाला तर आगीने नाही तर त्याने चित्रं जातील.

वाड्याच्या इतिहासाचा बोर्ड लावणार असाल तर जपून. आपल्याकडे जुनं काही दिसलं की पोर्तुगीजकालीन म्हणायची फॅशन आहे. ठाणं मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतलं, म्हणजे पोर्तुगीजकालीन म्हणताय तर वाडा त्याच्या आधीचा हवा. कौलं मंगलोरी असतील तर उलटून बघा, मागे कारखान्याचा शिक्का असतो, आणि मंगळुरात बासेल मिशन या मिशनऱ्यांच्या संस्थेने असा पहिला कारखाना १८६५ ला काढला, त्याच्या आधी ती कौलं नव्हतीच. अर्थात कौलं नंतर बदललेली असू शकतात, म्हणून लोखंडी तुळई असली तर तिच्यावरही नाव शोधा. टाटांचं पोलाद १९१२ पासून निघायला लागलं, विलायती कंपनीचं नाव असेल तर ती बाहेरून आलेली. ठाण्याला रेल्वे १८५३ लाच आली त्यामुळे असला माल इथपर्यंत पोचायला अडचण नव्हती. एवढ्यावरून जे ठामपणे म्हणता येईल तेवढंच लिहा, "एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला असावा" हे "चारशे वर्षं जुना" पेक्षा बरं. घरातल्या आजींना विचारून कुठल्या खोलीत काय चालायचं ते लिहिलंत तर लोक चित्रांपेक्षा तोच बोर्ड जास्त वेळ वाचतील, ही धमकी समजा.

जुन्या इमारतीत कला दाखवायचे दोन मार्ग आपल्या जवळच आहेत, दोन्ही बघून या. मुंबईत एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, ज्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये आहे तो १९११ चा, तिथे १९९६ ला आतून जवळपास नवी गॅलरीच उभी केली, बाहेरचं कवच जुनं. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम १८७२ पासूनचं, तिथे जुनी कपाटं, खांब तसेच ठेवून मधेमधे आजचे कलाकार आपली कामं मांडतात. तुमच्याकडे पहिल्या मार्गाचे पैसे नाहीत, आणि असते तरी मी दुसराच सांगितला असता.

विक्रीचं थोडक्यात. चित्र विकल्याची लाल टिकली लावायच्या आधी अर्धे पैसे घ्या, पाव्हण्यांच्या तोंडी बुकिंगवर चित्र अडकवू नका. चित्र विकलं तरी कॉपीराइट विकला जात नाही, १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो लेखी करार केल्याशिवाय हस्तांतरित होत नाही, तेव्हा एखाद्या बिल्डरने चित्र घेऊन पुढच्या वर्षी त्याचंच कॅलेंडर छापलं तर तुम्ही विचारू शकता, पावतीवर ही ओळ छापूनच ठेवा. ग्रुपने कमिशन कापायचं असेल तर सगळ्यांना सारखं, आणि गावाकडून आलेल्यांचा येण्या-जाण्याचा, राहण्याचा खर्च ग्रुपमधून, नाहीतर मोखाड्याच्या माणसाला समान वर्गणी ही समान पडत नाही. विमा घेताना स्टुडिओच्या भिंतीपासून परत स्टुडिओच्या भिंतीपर्यंत, मधला टेम्पोचा प्रवास धरून, असा मागा. फुटतं ते शक्यतो वाटेतल्या विटाव्याच्या खड्ड्यात, प्रदर्शनात नाही.

उद्घाटन. समई चौकात, खोलीत नाही, आणि शेजारी वाळूची बादली. हार-तोरणं पॅनलला स्टेपल करणाऱ्या काकांना प्रेमाने अडवा. भाषणं पण चौकातच, पंधरा मिनिटं, माइक छोटा, आळीतल्या लोकांना आदल्या दिवशी जाऊन पेढे देऊन या, पार्किंगवरून ओरडा त्यांचाच होणार आहे. निमंत्रणावर स्पष्ट लिहा की गाडी आणू नका, स्टेशनवरून चालत या, नवी मुंबईकरांना ट्रान्सहार्बर लोकल आहेच.

आणि काम सुरू करायच्या आधी प्रत्येक भिंतीचे, फरशीचे, खिडक्यांच्या गजांचे तारीखवार फोटो काढून मालकाला पाठवा, शो उतरवल्यावर पुन्हा तेच. उतरवायला एक अख्खा दिवस धरा, रविवारी रात्री आठला शो संपवून नऊला टेम्पो बोलवणारे लोक काचा फोडतात.

हे सगळं वाचून डोकं गरगरलं असेल तर कापूरबावडीला पालिकेचं कलाभवन आहे, तयार भिंती, तयार लाइट, तिथे साठ कामं लावली तरी कोणी काही म्हणणार नाही. इंजिनिअर माळ्याला नाही म्हणाला, किंवा तुमची मोठी कॅनव्हासच जास्त असतील, किंवा जुलैशिवाय कोणाला सुट्टीच नसेल, तर सरळ तिकडे बुकिंग करा. पण इंजिनिअर हो म्हणाला आणि बावीस कामांवर बाराच्या बारा जण राजी झाले, तर वाडाच घ्या. मला आधी तो नकाशा आणि दरवाज्यांची मापं पाठवा, मुखवट्यांच्या खोलीचं काय करायचं ते बघू.